माईक चालू राहिला तो शुक्रवार

आमच्या भागातल्या एका तमिळ वाहिनीवर दर रविवारी सकाळी राजकीय चर्चेचा कार्यक्रम लागतो. युद्ध जाहीर झाल्यासारखं संगीत वाजतं आणि पडद्यावर चार चौकटी उघडतात. तीन चौकटींत तीन पक्षांचे प्रवक्ते, चौथीत मी. निवृत्त प्राध्यापक म्हणून मला ‘तटस्थ विश्लेषक’ म्हणतात. तटस्थ म्हणजे बाकीचे ओरडत असताना कॉफी पिणारा. रेकॉर्डिंग शुक्रवारी संध्याकाळी होतं, आणि त्यासाठी कुंभकोणम सोडावं लागत नाही. पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडला की झालं. मागे पुस्तकं दिसावीत एवढीच वाहिनीची अट. न वाचलेली पुस्तकं पडद्यावर जास्त चांगली दिसतात, असा माझा अनुभव आहे.

त्या शुक्रवारी विषय होता देवळांच्या तळ्यांचा. आमच्याच गावचा एक प्रवक्ता जरीची शाल पांघरून बसला होता. निवेदकाने त्याची विशेषणं वाचून संपवेपर्यंत माझी कॉफी निवली. मग शालवाल्याने तळ्यांसाठी गळा काढला. साक्कोट्टैच्या रस्त्यावर त्याचं भलंमोठं मंगल कार्यालय आहे. माझ्या लहानपणी त्या जागी तळं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कोणी बोलत नाही. दारासुरम्‌चा एक विणकर बोलला होता. त्याने अर्ज केला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या मागावरचं ताणलेलं रेशीम मधोमध कापलेलं सापडलं. उंदरांनी कुरतडलं, असं पोलिसांचं मत पडलं. इतकं सरळ रेषेत कुरतडणारे उंदीर मी पाहिलेले नाहीत.

आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यातून आम्हाला एक खोड जडली आहे. चारचौघांत काही खासगी बोलायचं झालं की आम्ही बेधडक मराठीत बोलतो. लग्नात यजमानासमोर उभं राहून सांबाराला नावं ठेवतो, डॉक्टरसमोर बसून डॉक्टर बदलायचं ठरवतो. आजवर कधी पकडले गेलो नव्हतो.

दुसरी कॉफी घेऊन बायको कॅमेऱ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. बाकीचे दोन प्रवक्ते एकमेकांवर तुटून पडले होते. मी मान वळवून तिला म्हणालो, “अगे, कुळम् कुळम् म्हणून रडूलालाय बघ. ह्याचं कल्याणमंडपम् कुळमावरच की! पट्टासुद्धा लंचम् देऊन काढला.”

माईक बंद करायचा राहून गेला होता.

ओरडणारे ओरडतच होते. शालवाल्याने मात्र मान वर केली, कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं आणि हात जोडून हसला.

लॅपटॉप मिटल्यावर बायको म्हणाली, “त्याला कळलं.”

“आपली मराठी त्याला काय कळणार? पुण्याच्या लोकांना कळत नाही.”

“तुम्हि सांगट्लांत त्यात मराठी काय होतं? तळ्याला कुळम्, जमिनीच्या कागदाला पट्टा, लाचेला लंचम्. अस्कं तमिळ. मराठी म्हणून तेवढं ‘अगे’. तेही मला!”

मला हसू आलं, मग त्याने जोडलेले हात आठवले.

शनिवारी सकाळी कार्यक्रमाच्या निर्मातीला फोन केला. माझं एक वाक्य काढाल का, म्हटलं.

“कोणतं सार्? घरच्यांशी बोललात ते? अय्यो, राहू दे! तेवढंच तर धड ऐकू येतंय. मी घाईत ऐकलं, तेलुगू होतं का ते?”

“घरगुती होतं.”

“मग तर राहूच दे. माणूसपण दिसतं सार्.”

का काढायचं ते सांगायचं तर तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं असतं. मी फोन ठेवला.

दुपारी समोरच्या झाडाखाली एक मोटारसायकल येऊन थांबली. चालवणारा उतरला नाही, त्याने फोनही काढला नाही, नुसता आमच्या दाराकडे तोंड करून बसला. बायकोने खिडक्या लावल्या. आम्ही घरात कुजबुजत होतो आणि कुजबुजतानाही तोंडातला प्रत्येक शब्द आधी तपासून घेत होतो. चाळीस वर्षं राजकारण शिकवलं, पण सत्ता म्हणजे काय ते एवढं नेमकं कुठल्या व्याख्येत सापडलं नव्हतं. मोटारसायकल गेली तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. तो आता काय सांगायला गेला असेल, एवढंच डोक्यात आलं.

रविवारी आवाज बारीक करून कार्यक्रम लावला. ती जागा आली. पडद्यावरच्या ‘मी’ने मान वळवली आणि पुढच्याच क्षणी तो कॉफी पीत होता. वाक्य नव्हतं.

“सुटलो!” मी म्हणालो.

“कोणी काढलं?” बायकोने विचारलं. “तुम्हि सांगून तर काढलं नव्हतं.”

उत्तर फोनवर आलं. निर्माती होती.

“सार्, रागावू नका. काल त्यांचा माणूस ऑफिसात आला, तेवढं काढायला लावलं. आता खूश व्हा! आणि पुढच्या शुक्रवारी ते लिंकवर नाहीत. तुमच्या घरी येऊन तुमच्याशेजारी बसणार म्हणाले. एकाच गावचे आहोत, वेगवेगळ्या चौकटी कशाला, म्हणाले. किती साधा माणूस ना सार्?”

“एकटेच येणार?”

“ते एकटे कुठे असतात, सार्?”

मी फोन ठेवला. बायको माझ्याकडे बघत होती.

“काय सांगट्लांत?”

“या म्हणून.”

नको म्हटलं असतं तर तेही त्यांना कळलंच असतं. आतल्या खोलीतून बायकोने एक खुर्ची आणली आणि लॅपटॉपसमोर माझ्या खुर्चीला लागून ठेवली. मग वाकून ती खुर्ची वीतभर लांब सरकवली.