रुमालाखालचा पासवर्ड

विनायकराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याला आमच्या शाळेच्या ऑफिसात होतो. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तुमचे साडू गेले, निघा लगेच." त्यावर मी पहिलं विचारलं ते "कोण बोलतंय?" आणि दुसरं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मग फोन ठेवला आणि जव्हारला त्यांच्या घरचा नंबर स्वतः फिरवला. माणूस गेल्याची बातमी ऐकून उलटतपासणी घेणारा मी काही जन्मजात निर्दय नाही. हे शिक्षण विनायकरावांचंच. फोनवर आलेली बातमी खरी धरायची नाही, आपण उलटा फोन करायचा, असं ते मला वर्षानुवर्षं बजावत आले होते. फोन सुधाताईंनी उचलला. म्हणाल्या, "या शरदराव. तुम्ही उलटा फोन कराल हे माहीत होतं मला..." तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.

सुधाताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि विनायकराव तिचे यजमान. जव्हारला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास. नवरा-बायको दोघंही शिकवायचे, पण पाटीवर नाव एकट्या विनायकरावांचं. त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता, "हे कुणी केलं?" लग्नात जिलबी वाढली तरी आचाऱ्याचं नाव-गाव कळल्याशिवाय ती तोंडात जायची नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हे गृहस्थ कुणाला न सांगता मोखाड्याला आले. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एका माणसाला बाजूला घेऊन विचारलं, "इथे एक शरद मास्तर आहे म्हणतात. कसा आहे माणूस?" तो माणूस मीच होतो. मला ते सांगायचं सुचलं नाही. मी आपला प्रामाणिकपणे म्हणालो, "बरा आहे. जरा विसराळू आहे." साखरपुड्यात एकमेकांना पाहिल्यावर आमच्या दोघांच्या चेहऱ्यांचं काय झालं असेल, ते वाचकांनीच समजून घ्यावं.

हा स्वभाव मुळातलाच, पण त्याला धार चढली ती वावर गावाकडची लेकरं कुपोषणाने गेली त्यानंतर. जव्हारच्या रस्त्यावर तेव्हा कुठून कुठून मदतीच्या गाड्या यायच्या. बिस्किटं, कपडे, खेळणी, सगळं फुकट. विनायकराव अशाच एका गाडीबरोबर वाट दाखवायला म्हणून गेले होते. गाडीवाल्यांनी एका बाईच्या हातात पुडा दिला, फोटो काढला आणि फोटो नीट आला नाही म्हणून तोच पुडा परत घेऊन पुन्हा दिला... घरी आल्यावर ते जेवले नाहीत. तेव्हापासून 'फुकट' हा शब्द ऐकला की ते चष्मा काढून पुसायला लागायचे.

टाइपरायटरचे दिवस भरत आले तसा क्लासात कॉम्प्युटर आला. आणला सलीमभाईंनी. त्यांच्या वडिलांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सलीमभाई घड्याळावरून रेडिओवर आणि रेडिओवरून कॉम्प्युटरवर आले. पहिलं डॉस होतं. काळा पडदा, त्यावर अक्षरं. ते विनायकरावांना पसंत पडलं. "इथे लपायला जागा नाही," म्हणाले. मग विंडोज आलं, चित्रं आली, आणि संशयही आला. "चित्रं दाखवली की मागे काय चाललंय ते माणूस विचारत नाही. हे वाळूचं घड्याळ फिरतं ना, तेवढ्या वेळात आत काय करतात?" सलीमभाई हसून म्हणायचे, "काका, मशीन सोचता है." "हो, पण कशाबद्दल?"

मुलींना मात्र ते छान समजावून सांगायचे. दाभोशाहून जीपने येणाऱ्या, सूर्यमाळच्या, हॉस्टेलात राहणाऱ्या मुली. "ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातली कर्ती बाई," ते सांगायचे. "ती उठली की घर उठतं. कुठली वस्तू कुठे, कुणाला आत घ्यायचं, कुणाला ओट्यावरच बसवायचं, सगळं तिच्या हातात. घरं वेगळी तशा या बायकाही वेगळ्या." आतून सुधाताई म्हणायच्या, "आणि पाटीवर नाव कुणाचं?" मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या.

मग एकदा सलीमभाईंनी मासिकाबरोबर आलेली लिनक्स नावाच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी आणली. म्हणाले, "ये लो काका. फुकटात आहे, आणि चोरीची पण नाही." विनायकरावांनी चष्मा काढला. कुणी केलं? हजारो लोकांनी. कुठले? सगळ्या देशांतले. पगार कोण देतं? बऱ्याच जणांना कुणीच नाही. "म्हणजे एकमेकांना न बघितलेली माणसं स्वतःचं काम सोडून आपल्यासाठी घर बांधतात आणि किल्ली आपल्या हातात ठेवून निघून जातात?" सलीमभाई म्हणाले, "हां." "मग दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

या दुसऱ्या किल्लीचा तपास वर्षभर चालला. कॉम्प्युटर पासवर्ड मागतो. तो दिला तर त्या लोकांना कळणार का, हा विनायकरावांचा मुद्दा. शेवटी त्यांनी त्या हजारांतल्या एकाचा पत्ता शोधून त्यालाच इंग्रजीत ईमेल केला. सांगितलं त्यांनी, टाइप केलं सुधाताईंनी. सुरुवातीलाच, आपण खरोखर अस्तित्वात आहात काय, असा प्रश्न होता. त्या भल्या माणसाचं उत्तर आलं. मी आहे, तुमचा पासवर्ड मला कळत नाही, आणि खात्री नसेल तर आतलं सगळं लिखाण उघडं आहे, वाचून बघा. हे मला विनायकरावांनी स्वतः सांगितलं आणि वर म्हणाले, "बघा म्हणतो! चोर कधी घर तपासा म्हणतो का?" मी म्हणालो, "नाही ना? मग?" ते चष्मा काढून पुसायला लागले. "पण हुशार चोर हेच म्हणेल..."

तरीही लिनक्स राहिलं, आणि रुमालही तेव्हाच आला. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की विनायकराव खिशातून घडीचा रुमाल काढायचे, की-बोर्डवर पसरायचे, आमच्याकडे पाठ करायचे आणि रुमालाखाली बोटं टकटक वाजायची. मी शेजारी असलो तर म्हणायचे, "शरदराव, जरा तिकडे बघा." मी बघायचो. एवढं काय लपवतात, हा संशय मात्र घरादाराला होता. माझ्या बायकोला वाटायचं, कुठेतरी जमीन घेतली असावी.

तेराव्यानंतर प्रश्न उभा राहिला तो त्या कॉम्प्युटरचाच. टायपिंगचे सगळे धडे विनायकरावांनी स्वतः रचलेले, आणि ते त्यातच. मुलींची परीक्षा तोंडावर. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तो उघडत नाही तर क्लास बंद करा, खोली भाड्याने देऊ." सुधाताई म्हणाल्या, "क्लास मी चालवणार." पण चालवणार कशावर? सलीमभाई आले, पण हात लावेनात. "ताला तोडू शकतो मी. पण काकांचा भरोसा नाही. काही लावून ठेवलं असेल तर सगळं उडून जाईल." आम्हाला ते पटलं. विनायकरावांनी काही लावून ठेवलं नसेल, हेच पटण्यासारखं नव्हतं. आम्ही तिघं पुरुष त्या यंत्राभोवती, बॉम्ब सापडावा तसे अंतर राखून बसलो. मी काय काय पासवर्ड असतील याची चर्चा करत होतो आणि माझ्या मते फार हुशारीचं बोलत होतो.

सुधाताई आतून आल्या. "सरका," म्हणाल्या. बटण दाबलं, पडद्यावर नाव मागितलं तिथे 'विनायक' टाइप केलं, एंटर मारलं. उघडलं.

"पासवर्ड?" सलीमभाईंनी विचारलं.

"नाहीच आहे. पासवर्ड ठेवला तर त्या लोकांना कळेल, म्हणून काढून टाकला. कसा काढायचा तेही त्यांनाच विचारून. रुमालाखाली टेबलाच्या कडेवर नखं वाजवायचे." मग दिरांकडे बघत म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

धडे जागच्या जागी होते. अकरावा धडा मी वाचला. "दाभोशाची जीप वेळेवर सुटली, असे जीपवाला सांगतो. शरद मास्तर विसराळू आहे, असे शरद मास्तरच सांगतो. खरे मानावे काय?" जव्हारच्या कितीतरी मुली माझ्यावर बोटं बसवून परीक्षा पास झाल्या. मी स्वतः त्याच क्लासात नापास झालो होतो, पण नखांचं गुपित कळल्यापासून लाकूड वाजतंय की कळा, एवढं कानाला कळायला लागलं.

परवा सकाळी गेलो तेव्हा क्लास सुरू होत होता. मुली बाकावर, सुधाताई यंत्रापुढे. त्यांनी तोच रुमाल काढला, की-बोर्डवर पसरला, पाठ केली. मला हसू आलं. त्या वळून म्हणाल्या, "शरदराव, जरा तिकडे बघा."

मी खिडकीकडे बघितलं. रुमालाखाली बोटं वाजली... आणि तो आवाज लाकडाचा नव्हता. कळांचा होता. म्हणजे पासवर्ड आता खराच ठेवलाय; त्या न बघितलेल्या माणसांवर सुधाताईंनी विश्वास टाकलाय, माझ्यावर अजून नाही. मी निमूट खिडकीबाहेर बघत राहिलो.