लांब बाह्यांची आठ वर्षं

पलूसला आमच्या गल्लीत मी थापाडी म्हणून प्रसिद्ध होते, आणि ही प्रसिद्धी मी कष्टानं मिळवली होती. शिलाई मशीन दारातच असायचं. ब्लाउज टाकायला आलेली बाई माप देऊन लगेच घरी गेली असं कधी झालं नाही, मध्ये एखादी गोष्ट असायचीच. माझ्या माहेरी, औंधाकडं, एक कोंबडा होता. तो सकाळच्या एसटीला पंख दाखवून थांबवायचा आणि वडील बसले की घंटी दिल्यासारखा आरवायचा. आमच्या विहिरीचं पाणी एवढं गोड, की चहात साखर घातली तर चहा उतू जाऊन नाराजी दाखवायचा. हे सगळं मी ओठांत धरलेल्या टाचण्यासुद्धा न हलवता सांगत असे. बायका पोट धरून हसायच्या. "खरं व्हय गं?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "मी कवा खोटं बोलले?" आणि मशीन पुढं चालू करायचे.

लेकीच्या डाव्या हाताबद्दलच्या थापा मात्र हौसेच्या नव्हत्या.

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी ओढल्यासारखी, चकचकीत होती. वाळत आलेल्या सायीला सुरकुत्या पडाव्यात तशी. तो हात झाकायला मी तिला लांब बाह्यांचेच कपडे शिवायची. वैशाखातसुद्धा. तरी कधीतरी बाही वर सरकायची आणि कुणीतरी विचारायचंच. मग मी एकीला सांगितलं, औंधच्या डोंगरावर माकडानं ओरबाडलं. दुसरीला सांगितलं, पाचगणीला बिबट्याचं पिल्लू अंगाशी खेळताना नखं लागली. तिसरी जरा जास्त चौकस होती, तिला वीज सांगितली. मालक लष्करात होते, तेव्हा सरहद्दीवर. त्यांना पत्रात माकडच कळवलं होतं. त्यामुळं ते सुट्टीवर आले की वाटेत दिसेल त्या माकडाला दगड मारायचे.

नव्वद उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. लेक अकरा वर्षांची झाली होती आणि तालुक्याच्या खेळांसाठी शाळेच्या लेझीम पथकात तिची निवड झाली. घरी आली ती पांढऱ्या शर्टाची घडी नाचवतच. शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता.

"तुज्या शर्टाला मी बाह्या जोडून देते," मी म्हणाले. "पांढरं कापड हाय घरात."

"बाई म्हणाल्यात, समद्यांचं सारखं पायजे."

"सकाळची थंडी असती."

"लेझीम खेळताना थंडी?"

रात्रीत बाह्या जोडल्या. सकाळी तिनं शर्ट उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे म्हणाली, "मग मी न्हाई खेळत." तेवढंच. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. खेळांना तीन आठवडे होते.

याच दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी दुपारी बायका जमू लागल्या होत्या. सासऱ्यांच्या पिढीनं छप्पन साली दीक्षा घेतलेली, वंदना आम्हाला तोंडपाठ. पण डोळे मिटून गप्प बसायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवायला साताऱ्याहून एक ताई एसटीनं यायच्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, आणि हसू आलं की तोंडावर हात न धरणाऱ्या. आम्ही आठ-नऊ जणी असू. पलीकडच्या आळीतल्या ऊसवाल्या घरांतल्या दोघीही यायच्या, "तेवढीच पाठ टेकायला मिळती" म्हणून. सगळ्यांत वडील एक मावशी होती, एकटी राहणारी, पानाची पिशवी मांडीवर घेऊन बसणारी.

ताईंनी मैत्री भावना समजावली. "डोळे मिटा. आधी स्वतःपासून सुरुवात. मी सुखी असू दे, माझं दुखणं हलकं होऊ दे. मग आपलं जवळचं माणूस. मग नुसतं ओळखीचं. मग ज्याच्याशी पटत नाही ते. मग सगळे."

आम्ही बसलो. विहारात एवढी शांतता झाली, की भिंतीवरची पाल आम्हाला बघून लाजून तसबिरीमागं गेली. वीस मिनिटांनी ताईंनी घंटी वाजवली आणि विचारलं, "स्वतःला काय म्हणालात?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी ऊसवाल्या घरातली एक म्हणाली, "ताई, माजा नंबरच लागला न्हाई."

"का बरं?"

"आदी सासूबाई घेतल्या. मग मालक. मग पोरं. मग म्हस घेतली, ती व्यायला झालीया. मग धाकला दीर, त्याचं लगीन जमंना. तवर तुमी घंटी वाजवली."

"माजं बी तसंच," दुसरी म्हणाली. "पर मी म्हस दिराच्या बी आदी घेतली."

माझी पाळी आली तेव्हा मी सांगून टाकलं, की मला हजार दिवे दिसले आणि त्यातल्या एकावर माझं नाव होतं. खरं तर मी सगळा वेळ शर्टाच्या बाह्यांचा विचार करत होते.

ताई मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "घरी वाढता तसंच केलंत तुम्ही. सगळ्यांना वाढून झालं, टोपली रिकामी. आता असं करा, या आठवड्यात एक दिवस तव्यावरची पहिली भाकरी स्वतः खायची. गरम. खाली बसून."

बायकांची तोंडं अशी झाली, जणू ताईंनी बँक लुटायला सांगितली होती.

पुढच्या रविवारी एकेकीनं हजेरी दिली. एकीनं दाराआड उभ्यानं खाल्ली आणि ठसका लागला. एकीनं खाल्ली ती सासूनं बघितली आणि विचारलं, "दिवस गेलं का काय गं?" तिसरीनं पहिली भाकरी मुद्दाम पुरीएवढी केली, म्हणजे पाप कमी लागेल. मावशी म्हणाली, "मला काय शिकवता? माजी पयली बी मीच खाती आन् शेवटची बी मीच. सोबत कोन खाईल ते सांगा." यावर दोघींनी एकदमच तिला जेवायला बोलावलं.

"आणि तुम्ही?" ताईंनी मला विचारलं.

"माजी भाकरी तर अशी टम्म फुगली," मी सुरू केलं, "की तव्यावरनं उठून दाराकडं..."

पुढचं वाक्य आलंच नाही. असं मला कधी झालं नव्हतं. मी तोंड उघडं ठेवून वाट बघितली, तरी आलं नाही. बायका हसायच्या तयारीत होत्या.

"खाल्ली न्हाई," मी म्हणाले. "पयली मी लेकीला वाढते. आठ वर्षं झाली. तिचा हात माज्यामुळं भाजलाय."

मग एकदम गलका झाला.

"भाजलाय? आगं, माकडानं ओरबाडला म्हनाली हुतीस की!"

"मला तर बिबट्या सांगितला हिनं!"

"वीज पडली हुती, वीज! माज्यासमोर आन घेतली हिनं."

"बिबट्याची लय झ्याक हुती. ही काय तेवढी जमली न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. आयुष्यात एकदा खरं बोलले तर तेही थापेत जमा. मी पदरानं तोंड पुसत होते, तेवढ्यात मावशीनं पिशवीतलं पान बाजूला ठेवलं.

"गप बसा गं समद्या. ही गोष्ट खरी हाय. हिच्यात जनावर न्हाई, वीज बी न्हाई."

मग मी सांगितली. आम्ही तेव्हा साताऱ्याला किल्ल्याच्या पायथ्याशी एका खोलीत राहत होतो. पोरगी तीन वर्षांची. आत चुलीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं. मी दारात मशीनवर, समोर तीन बायका, आणि मी कोंबड्याची गोष्ट रंगात आणलेली. त्या हसण्यात पोरीची पहिली किंकाळी कुणाला ऐकूच आली नाही. मलाही नाही. दुसरी आली तेव्हा मी उठले. "झालं," मी म्हणाले. "एवढंच हाय."

"मग?" मावशी म्हणाली.

"मग काय? भाजली."

"आगं, मग त्या आईनं काय केलं? कवा गोष्ट अशी अर्धी सोडत न्हाईस, आजच कशी सोडलीस?"

"मला न्हाई सांगता येत."

"तुजी म्हनून सांगूच नगं. साताऱ्यात एक बाई हुती, अशी सांग. तुला येतंय की."

ताई नुसत्या ऐकायला बसल्या.

मी सुरू केलं. साताऱ्यात एक बाई होती. ती आत गेली तर पोरगी ओल्या जमिनीवर बसलेली आणि हातातून वाफ येत होती. बाईनं तिला उचललं. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. तिनं त्यातलं गार पाणी हातावर ओतलं, तांब्यामागून तांब्या, रांजणाचा तळ लागेपर्यंत. दारातल्या बायका ओरडत होत्या, शाई लाव, चुना लाव. तिनं कुणाला बोट लावू दिलं नाही. धुतलेलं पातळ दोरीवर होतं, ते ओलंच गुंडाळलं आणि पोरीला घेऊन पळत सुटली. पायात चप्पल नव्हती. सरकारी दवाखाना दीड मैल. डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, पाणी ओतत राहिलात ते बरं केलंत. बोटं वाचली. पोरगी बोटं हलवते. लिहिते. तिला लेझीम खेळता येते.

इथं मी थांबले. मांजराचा बिबट्या करणारी मी, पण ही एकच गोष्ट आठ वर्षं आखूड करून स्वतःला सांगत आले होते. किंकाळीपाशी कापायची आणि पुढचा भाग टाकून द्यायची. त्या तांब्यांचं आणि त्या दीड मैलाचं मला खरोखरच विस्मरण झालं होतं. मला वाटतं, ते आठवलं असतं तर मला स्वतःच्या नजरेत तेवढं वाईट राहता आलं नसतं.

मावशीनं पान उचललं, चुना लावला, दुमडलं आणि माझ्या हातात दिलं. "त्या बाईला सांग," ती म्हणाली, "लय पळालीस. आता बस."

त्यानंतर ताईंनी पुन्हा डोळे मिटायला सांगितले. मी त्या साताऱ्याच्या बाईला समोर आणलं. ती अजून धापा टाकत उभीच होती. तळव्यांना खडे टोचलेले. तिला मी म्हणाले, बस. गार पाणी पी. तिला बसायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात घंटी वाजली. मालक, सासरे, पटत नसलेले, सगळे त्या दिवशी राहून गेले. आमच्याकडं म्हैस नव्हती ते बरं.

घरी येऊन लेकीला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. किंकाळी ऐकू न आल्याचंही. ती टक लावून ऐकत होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर उठून जाईल.

"कोंबड्याची कुटली गोष्ट हुती?" तिनं विचारलं.

"एसटी थांबवणारा."

"ती मला बी आवडती," ती म्हणाली. मग हळूच, "आई, मी शाळंत बिबट्याच सांगितलाय. पोरी नुस्त्या हात लावून बघत्यात."

मी शर्ट बाहेर काढला. ब्लेडनं शिलाई उसवायला बसले. तिनं बाहीचं टोक ताणून धरलं, डाव्या हातानं. मीच घातलेली शिलाई एवढी बारीक आणि घट्ट होती, की दोन्ही बाह्या सुटायला दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली भाकरी मी माझ्या ताटात घेतली. लेक गालात हसत बघत होती. पहिल्याच घासाला जिभेला चटका बसला. इतक्या गरम भाकरीची सवयच नव्हती.

मालकांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, चार ओळींचं, फौजी बाण्याचं. प्रकृती सांभाळा, पोरीला आशीर्वाद, वडिलांच्या औषधाचं बघा. आणि शेवटी: इतकी वर्षं मी माकडांना उगीचच मारलं, याचं वाईट वाटतं.

खेळांच्या दिवशी मैदानाच्या कडेला आम्ही सगळ्याजणी जाऊन बसलो. मावशीसुद्धा, पिशवी घेऊन. पोरी ओळीनं आत आल्या, पांढरे शर्ट, अर्ध्या बाह्या. ढोलकीवर लेझीम वर गेली की सगळे हात उन्हात एकदम वर जायचे, त्यातला एक चकचकायचा. मी पहिल्यांदा मान खाली घातली. दुसऱ्यांदा अर्धीच घातली. नंतर बघत राहिले.

खेळ संपल्यावर ती घामानं भिजून आमच्याकडं आली. शेजारी दुसऱ्या गावाहून आलेली एक बाई बसली होती. तिनं पोरीचा हात धरून बघितला आणि विचारलं, "आगं बया, ह्ये काय झालं गं?"

माझं तोंड सवयीनं उघडलं. पण लेक पुढं बोलून गेली होती.

"ल्हान असताना उकळतं पानी सांडलं. मग आईनं मला उचललं आन् अनवाणी पळाली. सात मैल! वाटंत एक एसटी हुती, ती बी मागं पडली."

बाईनं डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. "खरं व्हय?"

आमच्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मावशीनं पान चघळणं थांबवलं होतं.

"दीड," मी म्हणाले. "दीड मैलच हुतं."