शिलाई मशीनवर घासलेलं धनुष्य

मिस्त्रींना सगळे मिस्त्री म्हणत, पण दारं-खिडक्यांची कामं सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती. मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवणाऱ्या बाईंनी एकदा मोडकं लाकडी धनुष्य दुरुस्तीला आणलं. मिस्त्रींनी ते दुरुस्त न करता नवीनच करून दिलं, आणि तेव्हापासून त्यांना जो नाद लागला तो लागलाच.

धनुष्याचं खरं काम शेवटच्या घासण्यात असतं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. कागदाएवढा फरक राहिला तरी एकीवर जास्त ताण येतो आणि ती कधीतरी कडाडून मोडते. मिस्त्री हा फरक अंगठ्याने ओळखत. मोजपट्टी भिंतीवर शोभेला आहे, असं त्यांची बायको म्हणायची.

एकसष्टाव्या वर्षी, एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगाचा झटका होता. पाय दोन महिन्यांत ताळ्यावर आला, उजवा हात मात्र आला नाही. बोटं मिटत, पण पकड धरत नसत. डॉक्टरांनी दिवसातून शंभरदा दाबायला रबरी चेंडू दिला. मिस्त्रींनी तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी खिडकी आपटू नये म्हणून फटीत खुपसला.

"अहो, तो हातासाठी दिलाय, खिडकीसाठी नाही," बायको म्हणाली.

"खिडकीला गुण आला. हाताला येत नाहीये."

मग त्यांनी आपल्या पद्धतीने उपाय काढला. लाकडी ठोकळ्याला खालून पॉलिश पेपर चिकटवला, वर जुन्या चपलेचा पट्टा ठोकला आणि चपलेत पाय घालावा तसा त्यात हात घातला. तीन आठवडे ते एकच धनुष्य घासत होते. हात कुठे दाबायचा, कुठे नुसताच सरकायचा. एक बाजू जाड राहिल्याचं त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी दोरी चढवली आणि ओढली. धनुष्य मोडलं. तुकडा कानाजवळून गेला. त्यानंतर महिनाभर ते कामाच्या खोलीकडे फिरकले नाहीत.

बायको घरी शिवणकाम करायची. एका दुपारी ती उशांचे अभ्रे शिवत होती आणि मिस्त्री समोर रिकामे बसले होते.

"शिवण वाकडी कशी जात नाही गं तुझी?"

"कापड या पट्टीला टेकवायचं आणि पुढे सरकवायचं. हाताला काय काम आहे?"

मिस्त्री उठून पट्टी बघायला आले. मग त्यांची नजर कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या जुन्या, पायाने चालवायच्या मशीनवर गेली. विजेचं मशीन आल्यापासून ते बंदच होतं, पण बायको ते कुणाला देत नव्हती. मिस्त्रींनी मागितलं तेव्हा तिने चादर आणखी नीट खोचली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच वरचं मशीन काढून कपाटात ठेवलं.

"डोकं माझं, पाय तुमचे," ती म्हणाली.

त्या सांगाड्यावर मिस्त्रींनी पॉलिश पेपर गुंडाळलेला लाकडी रूळ बसवला. पायडल मारलं की पट्टा फिरायचा आणि त्याबरोबर रूळ. रुळाच्या दोन्ही बाजूंना उतरत्या पट्ट्या लावल्या, धनुष्य त्यांवर टेकवून सरकवायचं. किती घासायचं ते पट्ट्यांखालच्या पाचरा ठरवणार. पाचर एक काढली की लाकूड एका कागदाएवढं उतरायचं. हे सगळं डाव्या हाताने करायला त्यांना दोन महिने लागले. पहिल्या दोन फळ्या वाया गेल्या. तिसरी जमतेय असं वाटलं तेव्हा त्यांनी बायकोला बोलावलं. कापडाचा पोत जोखलेली तिची बोटं लाकडावरून फिरत गेली आणि एका जागी थांबली.

"इथे फुगलंय."

मिस्त्रींनी तिथे पेन्सिलीने खूण केली.

तिरंदाजीच्या बाईंनी ते धनुष्य चार वेळा ओढून पाहिलं. आजारपण त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा विषयही त्यांनी काढला नाही.

"मिस्त्री, खालची बाजू अजून ताठ आहे. परत न्या."

सोबत आलेल्या बायकोला राग आला. मिस्त्री मात्र घरी येताना शीळ घालत होते. झटका आल्यापासून त्यांचं काम कुणी असं सरळ नाकारलं नव्हतं. जो येई तो "वा, वा" म्हणून जाई.

त्यांनी खालच्या बाजूची एक पाचर काढली, पुन्हा घासलं आणि आठवड्याने धनुष्य दिलं. या वेळी बाईंनी एकदाच ओढलं आणि शेजारच्या मुलीच्या हातात ठेवलं. त्या वर्षी ती मुलगी स्पर्धेत सातवी आली. धनुष्य शाबूत आहे.

पूर्वी वर्षाला आठ-नऊ धनुष्यं व्हायची, आता तीन होतात. बायकोच्या मते तेवढी पुरेत, कारण भुसा उडून तिच्या शिवलेल्या कपड्यांवर बसतो.