भिंतीबाहेरची बांधी

आमच्या घराला तळघर आहे असं गोंदियात कुणाला सांगितलं की तो आधी विचारतो, "पहले बैंक था क्या?" बँक नव्हती. आधीच्या मालकाने पोती ठेवायला ते बांधलं होतं. त्याने घर एवढ्या घाईने का विकलं, हे आम्हाला जुलैत कळलं. तळघरात घोटाभर पाणी होतं आणि माझा बॉबिनचा डबा त्यात या भिंतीकडून त्या भिंतीकडे निवांत फिरत होता.

मला ते तळघर हवंच होतं. माझा शिवणवर्ग तोवर पुढच्या खोलीत चालायचा. मग माझे सासरे गाव सोडून आमच्याकडे कायमचे राहायला आले आणि ती खोली त्यांची झाली. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींबरोबर त्यांची खाट आली, रेडिओ आला आणि त्यांना भेटायला येणारे म्हातारे आले. वर्ग तिथेच, खाटेशेजारी कसाबसा चालू राहिला. मी एका बाईच्या ब्लाऊजचं माप घेत होते, तेव्हा खाटेवरून एक पाहुणे म्हणाले, "ढिला ठेवजा बाई, अंगात वारा खेलला पायजे." ती बाई पुन्हा वर्गाला आली नाही.

मी घरात जाहीर केलं: दसऱ्याला वर्ग तळघरात सुरू होईल. तळघर कोरडं झालं नाही, तर मी मशिनी विकून वर्ग बंद करीन. बोलताना आवाज चढला होता, पण बोलणं खरं होतं. या गावात दुसरी जागा घेऊन वर्ग चालवणं मला झेपणारं नव्हतं.

मी कामाचे तुकडे करते, तुकड्यांना क्रम लावते आणि तो क्रम फ्रिजवर चिकटवते. या कामात पहिल्याच तुकड्यावर घर दुभंगलं. पाणी आतून अडवायचं की बाहेरून?

नवरा आतल्या पक्षाचा. त्याने मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले होते की तो सिमेंटवाल्यालाच सिमेंट समजावून सांगायचा. त्याचं म्हणणं असं: आतून लेप मारायचा. खणायचं नाही, अंगण उकरायचं नाही, पाऊस चालू असला तरी काम करता येतं, रविवारी सुरू करून पुढच्या रविवारी मोकळे.

मामाजी बाहेरच्या पक्षाचे. "पानी ढोरासारखं रायते सूनबाई. घरात घुसल्यावर हाकलून का फायदा? धुऱ्यावरच अडवा लागते." धुरा म्हणजे शेताचा बांध.

खरं सांगायचं तर तत्त्व म्हणून मामाजी बरोबर होते. आतला लेप पाण्याला खोलीत येऊ देत नाही, पण भिंतीत येऊ देतो. भिंत ओलीच राहते आणि पाणी मागून ढकलत राहतं. बाहेरून काम केलं तर पाणी भिंतीला शिवतच नाही. मात्र त्यासाठी पायापर्यंत खणावं लागतं, भिंत वाळवावी लागते आणि पावसाने सुटी द्यावी लागते. जुलैत आमच्याकडे पाऊस सुटी घेत नाही.

म्हणून आधी नवऱ्याला संधी दिली. त्याने पाणी उपसलं, भिंत घासली आणि पांढऱ्या लेपाचे तीन हात मारले. भिंत इतकी देखणी झाली की त्याने शेजाऱ्यांना चपला काढायला लावून ती दाखवली. मग दोन रात्री झोडपून पाऊस पडला आणि भिंतीला फुगे आले. लहानसहान नाही, चांगले पुरीएवढे.

"हवा आहे," नवरा म्हणाला. "हवा काढली की बसेल."

त्याने माझ्या डब्यातली गोधडीची सुई घेतली आणि सगळ्यात मोठ्या फुग्याला टोचली. हवा नव्हती. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या चष्म्यावर आली. जिन्यात उभे असलेले मामाजी म्हणाले, "अजून एक फोड गा, आंघोळ होऊन जाते."

याच सुमारास मला बहिणीकडे देवरीला जावं लागलं. जाताना मी फ्रिजवर लिहून ठेवलं: बाहेरच्या बाजूने माती तपासणे. तपासणे, एवढंच लिहिलं होतं.

परत आले तेव्हा मामाजी फाटकात उभे होते. पंचा गुडघ्याच्या वर, पाय चिखलाने माखलेले आणि चेहरा असा खुललेला की गाव सोडल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. "ये, पाह्य," ते म्हणाले.

तळघराच्या भिंतीलगतचा पट्टा त्यांनी उकरला होता. आमच्याकडची काळी चिकट माती पाण्यात तुडवून तिचा लोण्यासारखा चिखल केला होता. तुडवलेल्या मातीतून पाणी झिरपत नाही, हे त्यांना आयुष्यभर धान लावून माहीत होतं. इथवर ठीक होतं. पण पाण्याने पळून जाऊ नये म्हणून त्यांनी तिन्ही बाजूंनी सुबक धुरा घातला होता. चौथी बाजू म्हणजे आमची भिंत. आणि मध्ये टाचेएवढ्या पाण्यात, ओळीने, हिरवीगार धानाची रोपं उभी होती. धुरा घातलेल्या अशा शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात.

"मामाजी, हे काय?"

"धान."

"ते दिसतंय. कायले?"

"एवढा मस्त चिखल झाला होता. वाया कायले जाऊ द्याचा? पुतन्याले फोन केला, त्यानं बसनं पऱ्ह्याच्या जुड्या धाडल्या." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं.

ज्या माणसाने जन्मभर पाणी शेतात धरून ठेवलं, त्याला पाणी बाहेर काढायचं काम दिलं होतं. त्याच्या हातांनी त्यांना येत होतं तेच केलं. धुऱ्यातून थेंब गळत नव्हता. सगळं पाणी उभं राहून आमच्या भिंतीवर रेललं होतं. खाली तळघरात आता गुडघ्याएवढं पाणी होतं आणि नवरा जिन्यात पाण्याच्या वरच्या पायरीवर बसून विजयी मुद्रेने म्हणत होता, "म्हणून म्हटलं होतं, आतून."

बाप-लेकांचं मग जोरदार जुंपलं. "तुह्या भिंतीले फोड आले!" "तुमच्या बांधीनं माझी भिंत बुडवली!" मी मध्ये पडले नाही. फावडं घेतलं आणि सरळ धुऱ्याकडे गेले. धुरा फोडला की पाणी नालीत जाईल, नालीत गेलं की भिंत सुकेल, भिंत सुकली की पुढचं काम.

मामाजी छत्री उघडून धुऱ्यावर उभे राहिले. "उभं धान सुकवशील? तुह्या हातानं?"

आता सांगते ते गोंदियाच्या बाहेरच्यांना खोटं वाटेल. मी थांबले. कारण मीही धानवाल्यांचीच मुलगी. रोवलेल्या बांधीचं पाणी आपल्या हाताने सोडून द्यायचं म्हटलं की हात जड होतो. तरी मला वाटलं, वर्गातल्या बाया माझ्या बाजूने उभ्या राहतील. त्यांचाच वर्ग होता. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी त्यांना मागे नेलं, बांधी दाखवली, तळघर दाखवलं आणि विचारलं, "बोला, काय करायचं?"

त्या धानच बघत राहिल्या.

"रोवणी किती सरळ आहे नाही?" एक म्हणाली.

"जरा दाट झालं," दुसरी म्हणाली.

"मॅडम, युरिया टाकला का?"

"वर्ग!" मी ओरडले. "वर्गाचं बोला! पाणी सोडायचं की नाही?"

मग वर्गातली सगळ्यात तोंडाळ बाई म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाल तर मी दोन ब्लाऊज उसवून पुन्हा शिवते. पन लावलेलं धान मारत नाही माय. पाप लागते."

"मग मशिनी विकू?"

"असं कुटं म्हणून राहिलो आम्ही?"

मी आत जाऊन फ्रिजसमोर उभी राहिले. माझा क्रम चुकला होता एवढंच. धान मारायचं नव्हतं आणि धान तिथे ठेवायचंही नव्हतं. रोप लावून आठवडासुद्धा झाला नव्हता. जे एकदा उपटून दुसरीकडे लावता येतं, ते आणखी एकदा लावायला काय हरकत? आमच्या घरामागे रिकामा प्लॉट आहे. पावसाळाभर त्यात पाणी साचतं आणि मोहल्ल्यातल्या म्हशी बसतात. मालकाला फोन लावला. तो हसतहसत म्हणाला, "लगा लो, भाभीजी. चावल पके तो हमको भी खिलाना."

मामाजींना मी विचारलं नाही, कामच सांगितलं. "मामाजी, उद्या प्लॉटवर रोवणी आहे. बाया माझ्या. चिखल आणि देखरेख तुमची."

त्यांनी छत्रीचा दांडा जमिनीवर आपटला. "धुरा तिथंबी मीच घालीन," ते म्हणाले.

"घाला. तिथे कितीही उंच घाला."

दुसऱ्या दिवशी शिवणवर्गात शिवण झालं नाही. बायांनी लुगडी खोचली आणि अख्खी बांधी जुड्या बांधून प्लॉटवर नेली. मामाजी धुऱ्यावरून ओरडत होते, "वाकडं होऊन राहिलं! तिकडून सुताचा धागा धरा!" त्यावर तोंडाळ बाई म्हणाली, "मामाजी, काज नाही करून राहिलो, धान लावून राहिलो." एक म्हैस उठायला तयार नव्हती. तिच्याभोवती गोल रोवलं. नवरा चहाची किटली घेऊन आला, चिखलात पाय रुतून तिथेच उभा राहिला आणि त्याला दोघींनी ओढून काढलं. चपला मात्र आतच राहिल्या.

त्याच संध्याकाळी मी धुरा फोडला. मामाजी पाहायला आले नाहीत. रेडिओ मोठा लावून बसले.

पुढचं काम रटाळ होतं, पण ज्यांच्या घरी तळघर आहे त्यांच्यासाठी सांगते. पोळ्यानंतर पावसाने उघडीप दिली तेव्हा मिस्त्री लावून भिंतीलगत पायापर्यंत चर खणला. चर एकदम सगळीकडे खणायचा नाही, तुकड्यातुकड्याने खणायचा, नाहीतर भिंतीचा आधार जातो. भिंत धुतली, वाळवली, भेगा भरल्या, पक्कं प्लास्टर केलं आणि त्यावर डांबरी लेप दिला. तळाशी छिद्रांचा पाईप आणि गिट्टी घातली. वरची माती घराकडून बाहेर उतरती केली, म्हणजे मामाजींच्या बरोबर उलटी. आतले फुगे खरवडून भिंत काही आठवडे उघडी ठेवली. आतली ओल निघून गेल्यावर नवऱ्याने पुन्हा एक हात मारला. म्हणजे दोघांचंही चाललं, पण क्रमाने: आधी बाहेर, मग आत. पाण्यासाठी बाहेर. भिंतीच्या घामासाठी आणि नवऱ्याच्या समाधानासाठी आत.

दसऱ्याला मशिनी खाली उतरवल्या. पूजा झाली, पेढे झाले, बाया जागेवर बसल्या, आणि नेमका बाहेर परतीचा पाऊस धो धो सुरू झाला. कुणीही पायडलवर पाय ठेवला नाही. सगळ्या मान वळवून भिंतीकडे बघत बसल्या. जिन्यात नवरा आणि मामाजी एकमेकांना ढोसत उभे होते. तोंडाळ बाईने उठून भिंतीला गाल लावला.

"काय गं?" मी विचारलं.

"थंड आहे."

"ओली आहे का?"

तिने दुसरा गाल लावला. मग तळहात लावला, वास घेतला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "कोरडी आहे माय. बिलकुल कोरडी."

जिन्यातून एकदम दोन आवाज आले: "आतल्या हातामुळे!" आणि "बाहेरच्या डांबरामुळे!"

मी टेबलावर कात्री आपटली. "जिन्यातले वर जा. बाकीच्यांनी कापड घ्या. भिंत बघून बाही बसत नाही."

मशिनी सुरू झाल्या. त्या आवाजात पाऊस ऐकूच येईना.