पैलवानकाकांची निकाली तक्रार

पैलवानकाका माझ्या सेवा केंद्रात शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. तालमीतली सवय. मी चिडवायची, "काका, इथं काय लाल माती आहे होय?" तर म्हणायचे, "पोरी, हितंबी घामच गाळायचा हाय की." तरुणपणी कुंडलच्या मैदानात नाव काढलेला माणूस, त्यातून उरले ते मुरगळलेले कान आणि धिप्पाड देह.

सुरुवातीला त्यांना कॉम्प्युटरचं लय कौतुक. बसल्या जागी सातबारा हातात पडला तेव्हा गावभर दाखवत हिंडले. आणि खोटं कशाला बोलू, समोरच्या तहसील कचेरीचंही भलं झालं. रांगा गेल्या, दलाल गेले, फायलींचे ढीग हलले, साहेबांचा सत्कार झाला.

मग काकांच्या बायकोच्या, इंदूकाकींच्या किडन्या गेल्या. सांगलीला मोफत डायलिसिस हवं तर रेशनकार्डावरचं नाव ऑनलाइन दिसायला हवं. कागदावर काकींचं नाव होतं, कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. आम्ही तक्रार टाकली. मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

काका खुलले. "निकाली कुस्ती म्हंजी एकाची पाठ जिमिनीला लागल्याबिगर सोडवत न्हाईत. झालं म्हन की काम." मी नाव शोधलं. नव्हतंच. मला मान वर करवेना.

"मग पाठ कुनाची लागली गं?" त्यांनी हळूच विचारलं.

पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. काकांनी दुभती म्हैस विकली, तिच्या पैशावर डायलिसिसच्या काही फेऱ्या निघाल्या. मग त्या चुकायला लागल्या. काकींचे पाय सुजले, धाप लागू लागली. मी कचेरीत जाऊन भांडले. बाबू म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं एकही तक्रार शिल्लक नाही." त्याचंही खरं होतं, मुदतीत निकाली काढली नाही तर नोटीस त्यालाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर काका येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला हात जोडत होते, "आवं, मानूस जित्तं हाय तवर बघा की." मला ते बघवेना.

काकी गेल्या. दिवसकार्य उरकून काका मृत्यूचा दाखला काढायला आले. मी नोंदणीचा नंबर टाकला आणि काकींचं नाव, काकांचं नाव, गाव, सगळं बिनचूक पडद्यावर आलं. काका पुढं वाकले. बोट त्या नावावरून फिरवत राहिले.

"घावली की गं," ते म्हणाले. "कवाधरनं हुडकतोय आमी."