आकारामचा दुधाचा दात

माण तालुक्यातल्या मेंढरांच्या बाजारात आकाराम दलालाचा शब्द शेवटचा. मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढायचा, दातांवर नजर टाकायची आणि वय सांगून मोकळं व्हायचं. म्हातारी मेंढी तरणी दिसावी म्हणून कुणी तिच्या दातांवर कानस फिरवली असेल, तर हा भर बाजारात ओरडायचा, "घासल्यात! माघारी न्या!" त्या ओरडण्यावरच त्याचं पोट चालायचं.

अशा जाणत्या माणसानं मेंढीच्या दाव्याची गाठ दातानं सोडवायला घेतली आणि स्वतःचाच खालचा पुढचा दात अर्धा मोडला.

दहिवडीच्या दवाखान्यात अल्फिया डॉक्टरणीनं त्याचा ओठ खाली ओढला, तेव्हा जन्मात पहिल्यांदा त्याला मेंढीची दया आली.

"मामा, सिमेंट भरता येईल, पण तुम्ही गाठी सोडवणार आणि ते उडणार. कॅप टिकेल, फक्त दात चारी बाजूंनी घासावा लागेल. नाहीतर काढून टाकू."

"काढायचा न्हाई. बोळक्या तोंडाचा दलाल कोण इचारतोय? कॅप बसवा."

मग रंग निवडायला तिनं नमुन्याच्या दातांची पट्टी समोर धरली. तंबाखूनं रंगलेल्या शेजाऱ्यांत खपून जाईल असा पिवळसर दात दाखवला. आकारामनं कळपावरून फिरवावी तशी पट्टीवर नजर फिरवली आणि सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो. अगदी दुधाचा दात."

"एकटाच चमकेल, मामा."

"चमकू दे की! लोक म्हणतील, आकाराम तरणा झाला."

लोक तसं म्हणाले नाहीत. पुढच्या बाजारात भामाबाई आडवी आली. तिच्या मेंढ्या त्यानं कैकदा माघारी धाडलेल्या. तिनं सरळ त्याचाच ओठ अंगठ्यानं ओढला.

"आगं बया! तोंड म्हाताऱ्याचं आन दात दुधाचा? घासलाय व्हय रं?"

आता घासला तर होताच.

"घासलाय! माघारी न्या!" सगळा बाजार ओरडला. त्या दिवशी त्यानं सांगितलेलं वय एकाही गिऱ्हाइकानं मानलं नाही.

संध्याकाळी तो पुन्हा दवाखान्यात. "डाक्टरीनबाई, पट्टीतला सगळ्यात पिवळा बसवा. जमलं तर तंबाखूचा डाग बी टाका."

नवी कॅप बसल्यावर भामाबाईनं परत तपासणी केली.

"आता कसा वयाला शोभतोस! चल, माझी मेंढी बघ."

आकारामनं मेंढीचा ओठ ओढला.

"आवं भामाबाई, ही तुमच्या वारगीची, तुमच्याच वयाची हाय. माघारी न्या!"

बाजार खदखदून हसला. मागून कुणीतरी हाक मारली, "मामा, आमच्या बी मेंढीचं तोंड बघा."