उजव्या गालाचा काटा

तिला सगळे भिंगवालीच म्हणत, घरात आत्यासुद्धा. काम मुळात आत्याचं, आता ते तिच्याकडे आलेलं. चुनखडीचा दगड आम्लात विरघळवायचा, तळाशी उरलेला चुरा धुऊन वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक तुकडा उचलायचा. ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारे कवचवाले जीव. त्यांचे गाल, शेपट्या, गालांवरचे काटे, सगळं तिळाहून बारीक. शिंक येतेय असं वाटलं की आधी दाराबाहेर पळायचं, हा आत्याचा पहिला धडा.

आत्याचं नाव झालं ते एका काट्यामुळे. या जीवांच्या गालाचा काटा बाहेर वळतो. तिनं सुट्या तुकड्यांतून डिंकानं जुळवलेल्या गालावरचा मात्र आत वळलेला. असा दुसरा कुणी पाहिलेला नाही, म्हणून संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात तो मानानं बसला होता.

आणि आज भिंगवालीच्या ब्रशला त्याच जातीचा अख्खा गाल लागला. कवचावरचे तेच दाणे, तीच कड. काटा बाहेर वळलेला, सांधा कुठेच नाही. आत्यानं उजव्या गालाचा काटा डाव्या गालाला चिकटवला होता.

रात्री ती नुसती ताटात बोटं फिरवत बसली.

“काय गं, काय सांडून आलीस?” आत्यानं विचारलं.

“सांडलं नाही, सापडलंय. पण तुला आवडायचं नाही.”

“तुझा नवराही मला आवडला नव्हता. चालवून घेतलाच ना?”

नवऱ्यानं आणखी एक भाकरी ताटात ओढली.

सकाळी आत्या काठी टेकत संग्रहालयातल्या कामाच्या खोलीत आली. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले ते काढेचना.

“दाणे नीट ताडून पाहिलेस?”

“पाहिले.”

“हं.” आत्यानं अखेर डोळे वर केले. “मला वाटायचं, एवढे सगळे जन्मले, त्यात एखादा उफराटा असेलच की.” तिनं चष्मा पुसला. “उफराटी मीच निघाले.”

“राहू दे ना आत्या. कपाटात कोण एवढं बघायला जातंय?”

“तू बघितलंस ना? मग झालं. आण तो इकडे.”

पाण्याचा थेंब भिंगवालीनं सोडला. जुना डिंक पांढुरका झाला, फुगला आणि काटा अलगद बाजूला सरकला.

मग आत्यानं खुर्ची पुढे ओढली.

“आता या काट्याचा खरा गाल कुठेतरी पडला असेल. ती चुऱ्याची थाळी दे. आणि सरक जरा, उजेड अडवतेस.”